अलंकारांवरील काळिमा

गेल्या वर्षीं श्रावणांत आमच्या वर्गांतील एका विद्यार्थिनीनें एक लहानशी पुरचुंडी माझ्या टेबलावर आणून ठेविली. तींत चांदीच्या पैंजणांचा जोड होता. थोरल्या बहिणीच्या लग्नासाठीं तो हुपरीस करविला होता, आणि वैशाखांत घरीं आणला तेव्हां दुधासारखा पांढरा होता. पुढें लग्न लांबणीवर पडलें, पैंजण पेटींत राहिले, आणि दोन-अडीच महिन्यांनीं काढून पाहतात तों त्यांचा रंग शिशासारखा काळसर झालेला! कारागिरानें आपणांस फसविलें, चांदींत कांहींतरी भलतेंच मिसळलें, असें घरांतील सर्वांचें मत झालें. आणि येत्या रविवारीं वडील हुपरीस जाऊन त्या मनुष्यास चार माणसांदेखत जाब विचारणार होते. मुलीचा प्रश्न मात्र साधा होता : "गुरुजी, खरी चांदी काळी पडते काय?"

प्रश्न साधा खरा; परंतु एका कारागिराची अब्रू आणि एका कुटुंबाची कष्टानें जमविलेली पुंजी हीं दोन्हीं त्याच्या उत्तरावर अवलंबून होतीं. ज्या घरांत चांदीचा एखादा करगोटा, पोतेंतील चार सोन्याचे मणी किंवा आजीच्या नथीचे मोती नाहींत असें घर आपल्या प्रांतांत क्वचितच सांपडेल. हे दागिने कां मळतात, कां काळवंडतात, व त्यांची निगा कशी राखावी, हें रसायनशास्त्राच्या आधारें समजून घेतल्यास पुष्कळ नुकसान व पुष्कळ गैरसमज टळतील, अशा हेतूनें हा लेख लिहिला आहे.

१. धातु आणि प्राणवायु

प्रथम धातु व हवा यांचा संबंध काय, तें पाहूं. आपल्या सभोंवतालच्या कोरड्या हवेच्या शंभर भागांत सुमारें २१ भाग प्राणवायूचे असतात. हाच वायु आपण श्वासाबरोबर आंत घेतों, हाच दिव्याची ज्योत जगवितो, आणि हाच बहुतेक धातूंशीं हळूहळू संयोग पावून त्यांचें रूप पालटतो. जोसेफ प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकानें १७७४ सालीं पाऱ्याचें तांबडें भस्म भिंगानें एकवटलेल्या सूर्यकिरणांनीं तापवून त्यांतून हा वायु मोकळा केला. पुढें फ्रान्समध्यें लाव्हाझिए यानें, धातु हवेंत तापविला असतां त्याचें वजन घटत नसून वाढतें, व ही वाढ हवेंतून त्यांत शिरलेल्या प्राणवायूची असते, हें तराजू हातीं घेऊन सिद्ध केलें. आपल्याकडील वैद्य ज्यांस भस्में म्हणत आले, त्यांपैकीं कित्येक असे संयोगच होत. शास्त्रांत त्यांस प्राणिद किंवा ऑक्साइड म्हणतात.

याचें उदाहरण पाहण्यास पन्हाळकरांस दूर जावयास नको. मसाईच्या पठारावरील जांभा दगड व त्यावरची तांबडी माती आपण नित्य पाहतों. तो तांबडेपणा लोखंडाच्या प्राणिदाचा आहे. पावसाळ्यांत उघड्यावर राहिलेल्या विळ्यावर किंवा खिळ्यावर जो गंज चढतो तोहि याच कुळांतला. गंज सच्छिद्र व ठिसूळ असतो. त्याचे पापुद्रे सुटतात, खालचें नवें लोखंड उघडें पडतें, आणि तेंहि गंजूं लागतें. अशा रीतीनें लोखंड शेवटपर्यंत खाल्लें जातें. ॲल्युमिनियमची गोष्ट नेमकी उलट आहे. हवा लागतांच त्यावरहि प्राणिदाचा थर येतो. परंतु तो इतका पातळ व घट्ट असतो कीं, आंतील धातूस पुढें हवा पोहोंचूं देत नाहीं. क्रिया एकच, पण एका ठिकाणीं ती घर पोखरते आणि दुसऱ्या ठिकाणीं घराची राखण करते.

२. चांदीचा काळिमा

आतां चांदीकडे वळूं. येथें एक आश्चर्य आहे. नेहमींच्या हवेंतील प्राणवायु एकटा चांदीस सहसा बाधत नाहीं. चांदी काळी पडते ती मुख्यत्वेंकरून गंधकामुळें. कुजक्या अंड्यास जी दुर्गंधि येते ती गंधक व हायड्रोजन यांच्या संयोगानें झालेल्या एका वायूची, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडची असते. हा वायु गटारांतून, कुजणाऱ्या पालापाचोळ्यांतून व दलदलींतून निघतो. हवेंत त्याचें प्रमाण अत्यल्प असलें तरी चांदीस तेवढें पुरतें. त्यांतील गंधक चांदीशीं संयोग पावतो आणि तिच्या पृष्ठभागावर चांदीच्या गंधकिदाचा, म्हणजे सल्फाइडचा, काळा थर चढतो. ओलावा असल्यास ही क्रिया फार जलद होते. आरंभीं थर अगदीं पातळ असतो तेव्हां चांदी पिंवळट दिसते. मग तपकिरी, मग निळसर-जांभळी, आणि थर जाड झाला म्हणजे काळी.

हवेखेरीज दुसऱ्याहि मार्गांनीं चांदीस गंधक मिळतो. अंडीं, कांदा, लसूण व मोहरी यांत गंधकाचे संयोग असतात. म्हणून चांदीच्या चमच्यानें उकडलेलें अंडें खाल्लें असतां चमच्यावर डाग पडतो. कित्येक मलमांत गंधक असतो. घामाचाहि चांदीवर परिणाम होतो, व तो सर्वांचा सारखा नसतो. एखाद्याच्या अंगावर चांदी लवकर काळी पडली म्हणजे त्यास दृष्ट लागली, किंवा त्याच्या शरीरांत विष आहे, असा तर्क कोठें कोठें करितात. त्यास शास्त्राचा कांहींएक आधार नाहीं.

हें सर्व वर्गांत सांगून झाल्यावर मीं त्या मुलीस विचारलें, "पैंजण कशांत गुंडाळून ठेविले होते?" ती म्हणाली, "आईनें जुन्या लोकरी शालीच्या तुकड्यांत गुंडाळले होते. सुटूं नयेत म्हणून वर रबराचें कडें घातलें होतें." आम्हीं पैंजण खिडकीपाशीं नेऊन नीट पाहिले, तों जेथें रबराचें कडें बसलें होतें नेमकी तेथेंच सर्वांत गडद रेघ उमटलेली दिसली. उलगडा झाला. लोकरींत गंधक स्वभावतःच असतो, आणि रबर टिकाऊ व लवचिक व्हावें म्हणून त्यांत गंधक मिसळलेला असतो. त्यांतून पन्हाळ्याचा पावसाळा! दिवसचे दिवस धुकें घरांत शिरतें आणि पेटींतील कपड्यांसहि ओल येते. आईनें मोठ्या मायेनें पैंजणांस जें पांघरूण घातलें, तेंच त्यांस बाधलें होतें.

येथें एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. काळी पडली म्हणून चांदी खोटी ठरत नाहीं, तशीच ती काळी पडली एवढ्यावरून खरीहि ठरत नाहीं. शुद्ध चांदी फार मऊ असल्यामुळें दागिन्यांसाठीं तींत थोडें तांबें मिसळतात. शंभरांत साडेब्याण्णव भाग चांदी व बाकीचें तांबें, असें एक प्रमाण जगभर रूढ आहे. हें तांबेंहि हवेनें काळवंडतें. तेव्हां धातूचा कस जाणावयाचा तर तो परीक्षेनेंच जाणावा. रंगावरून निवाडा करूं नये.

३. काळा थर म्हणजे चांदीच

आतां या लेखांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतों. चांदीवरील काळा थर हा बाहेरून येऊन बसलेला मळ आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो मळ नव्हे. त्याच्या वजनाचे शंभर भाग केले तर त्यांत सुमारें ८७ भाग चांदी व १३ भाग गंधक असतो. म्हणजे तो थर बव्हंशीं चांदीच आहे. तिनें केवळ रूप पालटलें आहे. आपण राखेनें, रांगोळीनें किंवा दंतमंजनानें खसाखसा घासून तो थर काढतों, तेव्हां काळिम्याबरोबर ती चांदीहि मोरींतून वाहून जाते. शिवाय रांगोळीच्या खरखरीत कणांनीं खालची चांगली चांदी खरवडली जाते ती निराळीच. सोनाराच्या दुकानांतील केर झारेकरी पैसे देऊन विकत घेतात, कारण त्या केरांत धातूचे कण असतात हें त्यांस ठाऊक असतें. आपल्या मोरीवर मात्र झारेकरी बसलेला नसतो! एका वेळचें नुकसान डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु दर सणास घासलेल्या जुन्या भांड्यांवरील नक्षी झिजून सपाट झालेली पुष्कळांनीं पाहिली असेल.

तर मग चांदी न घालवितां केवळ गंधक काढून घेतां येईल काय? येईल. आम्हीं शाळेच्या प्रयोगशाळेंत तेंच केलें. ॲल्युमिनियमच्या एका जुन्या पातेल्यांत कडकडीत पाणी ओतलें, त्यांत दर लिटरास एक मोठा चमचा खाण्याचा सोडा व चमचाभर मीठ टाकलें, आणि पैंजण पातेल्याच्या तळास टेकतील असे आंत सोडले. थोड्या वेळानें बारीक बुडबुडे दिसूं लागले, कुजक्या अंड्याचा किंचित् वास आला, आणि कांहीं मिनिटांत काळिमा विरून चांदीचा पांढरा रंग वर आला. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. येथें घडलें तें असें : चांदीपेक्षां ॲल्युमिनियम हा अधिक उतावळा धातु आहे. चांदी व ॲल्युमिनियम एकमेकांस टेकून सोड्याच्या पाण्यांत असलीं म्हणजे एक लहानसा विद्युत्-घटच तयार होतो. त्यांत ॲल्युमिनियम झिजतो, गंधक चांदीस सोडून पाण्यांत उतरतो, आणि चांदी जागच्या जागीं मोकळी होते. पैंजणांचें वजन आम्हीं आधीं व नंतर केलें. आमच्या तराजूवर फरक दिसला नाहीं. नंतर पैंजण स्वच्छ पाण्यानें धुऊन मऊ फडक्यानें कोरडे केले.

हा प्रयोग घरीं वडील मंडळींच्या देखरेखीखालीं करावा, आणि तो फक्त साध्या चांदीच्या दागिन्यांवर करावा. मोती, खडे किंवा लाख असलेल्या दागिन्यास तो कदापि लावूं नये. तसेंच ज्या दागिन्यांच्या नक्षीच्या खोबणी शोभेसाठीं मुद्दाम काळ्या ठेविलेल्या असतात, तेहि या पाण्यांत घालूं नयेत; नाहींतर कारागिराची शोभा धुऊन निघेल. बाजारांत अशा कामास ऑक्सिडाइज्ड म्हणतात. परंतु तो काळेपणाहि बहुधा गंधकाच्याच संयोगानें आणलेला असतो. प्राणवायूचें केवळ नांव झालें आहे.

४. सोनें मळतें, पण गंजत नाहीं

शुद्ध सोन्यास हवेंतील प्राणवायु स्पर्श करीत नाहीं व गंधकहि बाधत नाहीं. याच गुणामुळें सर्व देशांतील लोकांनीं त्यास धातूंचा राजा मानिलें. पण शुद्ध सोनें चांदीप्रमाणेंच मऊ असतें, म्हणून त्यांत तांबें, चांदी इत्यादि धातु मिसळतात. २४ कॅरट म्हणजे शुद्ध सोनें. २२ कॅरटमध्यें हजार भागांत सुमारें ९१६ भाग सोनें असतें, आणि १८ कॅरटमध्यें ७५०. दागिन्यावरील ९१६ या आंकड्याचा अर्थ हाच. भारतांत २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांवर अशा शासनमान्य छापाची, म्हणजे हॉलमार्कची, सक्ती टप्प्याटप्प्यानें लागू झाली आहे. खरेदी करितांना तो छाप पाहण्याची संवय आपण लावून घेतली पाहिजे. सोन्यांतील तांब्याचें प्रमाण जों जों अधिक, तों तों दागिना काळवंडण्याचा संभव अधिक. २२ कॅरटचा दागिना निस्तेज दिसूं लागला तर त्याचें कारण बहुधा तेल, साबण व धूळ यांचा थर हेंच असतें, आणि तो रिठ्याच्या कोमट पाण्यानें व मऊ कुंचल्यानें सहज निघतो.

तथापि सोन्यासहि शत्रु आहेतच. पारा लागला कीं सोनें त्यांत मुरतें व पांढरें पडतें. म्हणून फुटलेल्या तापमापकाच्या पाऱ्याजवळ अंगठीचा हात नेऊं नये. दुसरा शत्रु अम्लराज. तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल व एक भाग नत्राम्ल यांच्या या मिश्रणांत सोनें विरघळतें. दोहोंपैकीं कोणतेंहि एक आम्ल एकट्यानें हें करूं शकत नाहीं. ही केवळ पुस्तकांतील माहिती नव्हे. "दागिने उजळून देतों" असें सांगत दारावर येणाऱ्या भामट्यांची विद्या हीच असते. दागिना त्यांच्या पाण्यांतून लखलखीत होऊन बाहेर येतो व घरच्या बाया आनंदित होतात. पण त्या पाण्यांत दागिन्याचें सोनें उतरलेलें असतें आणि तें पाणी घेऊन पाहुणा निघून जातो. तेव्हां माता-भगिनींस विनंति अशी कीं, अनोळखी मनुष्याच्या हातीं दागिना मुळींच देऊं नये, आणि ओळखीच्या सोनाराकडे उजळावयास देतांनाहि आधीं व नंतर वजन करून घ्यावें. प्रामाणिक सोनारास याचा राग येत नाहीं.

आपल्या भागाचें भूषण जो कोल्हापुरी साज, त्याविषयीं दोन शब्द निराळे लिहिणें अवश्य आहे. साजास २१ पानें असतात. दहा विष्णूच्या अवतारांचीं, आठ अष्टमंगलांचीं, दोन माणिक व पाचू यांचीं, आणि एक ताइताचें, असें सांगण्याची परंपरा आहे. अशा कामांत सोन्याच्या पातळ पत्र्याच्या आंत लाख भरण्याची रीत आहे. त्यामुळें थोड्या सोन्यांत दागिना भरदार दिसतो व चेपत नाहीं. परंतु लाख उष्णतेनें मऊ होते आणि स्पिरिटमध्यें विरघळते. सबब साज कढत पाण्यांत बुडवूं नये, स्पिरिटनें पुसूं नये, व फार वेळ भिजत ठेवूं नये. ओलसर मऊ फडक्यानें पुसून लगेच कोरडा करावा.

५. तांबें, पितळ व कांसें

ताक किंवा आंबट आमटी कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यांत राहिली तर ती कळकते, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. आंबट पदार्थांतील आम्ल तांब्याशीं संयोग पावून जे क्षार उत्पन्न होतात, त्यांचाच तो विकार. आणि तें अन्न विषारी असल्यामुळें टाकून दिलें पाहिजे. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. तो अन्न व तांबें यांची गांठ पडूं देत नाहीं.

दागिन्यांतील तांब्याची गोष्ट अशीच आहे. नवें तांबें गुलाबी-तांबूस असतें. हवेनें त्यावर प्राणिदाचा तपकिरी थर येतो. आणि पुष्कळ काळ ओल, प्राणवायु व हवेंतील कार्बन डायऑक्साइड हीं मिळून लागलीं म्हणजे हिरवा थर चढतो. पितळेच्या किंवा मुलामा उडालेल्या अंगठीखालीं बोट हिरवें होतें तें घाम व तांबें यांच्या संयोगामुळें. तो डाग साबणानें निघतो व त्यापासून सहसा अपाय होत नाहीं. मात्र खाज सुटल्यास दागिना काढून ठेवावा, कारण कित्येक हलक्या दागिन्यांत निकेल असतें आणि तें पुष्कळांच्या त्वचेस सोसत नाहीं.

तांब्यावरील हा थर बहुधा लोखंडाच्या गंजाप्रमाणें पापुद्र्यांनीं गळत नाहीं. तो चिकटून राहतो व पुष्कळदां खालच्या धातूस सांभाळतो. याची साक्ष कोल्हापुरांतच आहे. पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. तेथें १९४५-४६ मध्यें डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं उत्खनन केलें. याच टेकडीवर सांपडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांशाची लहान मूर्ति टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत ठेविलेली आहे. सातवाहनांच्या काळीं रोमन जगाशीं आपल्या प्रांताचा व्यापार चालत असे, त्या काळची ही वस्तु. कांसें म्हणजे तांबें व कथील यांचें मिश्रण. इतकीं शतकें मातीखालीं राहूनहि त्या देवाचा आकार ओळखतां येतो. संग्रहालयांतील अशा वस्तूंवरचा जुना थर घासून त्या लखलखीत कां करीत नाहींत, असें पुष्कळ मुलें विचारतात. त्याचें उत्तर हेंच कीं, त्या थरांत मूर्तीची मूळ रेघ जपलेली असते. थर गेला तर रेघहि जाईल.

६. रत्नांची गोष्ट

रत्नें गंजतात काय? या प्रश्नाचें उत्तर रत्नागणिक निराळें आहे. माणीक व नीलमणि यांपासून आरंभ करूं. हीं दोन्हीं रत्नें म्हणजे ॲल्युमिनियमचा स्फटिकरूप प्राणिदच होत. किंचित् क्रोमियम मिसळलें कीं लाल माणीक होतें. लोखंड व टायटेनियम यांचा अंश आला कीं निळा नीलमणि. आपल्या जिल्ह्यांत शाहूवाडी व राधानगरी या भागांत बॉक्साइट नांवाचें जें खनिज सांपडतें, त्यांतहि मुख्यतः ॲल्युमिनियमचा प्राणिदच पाण्याशीं संयुक्त स्थितींत असतो. म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीनें ट्रकमधून जाणारी ती माती आणि राजाच्या मुगुटांतील माणीक यांचें गोत्र एकच! जें आधींच प्राणवायूशीं पूर्ण संयोग पावलें आहे, त्यास प्राणवायूचें भय कसलें? स्फटिक व अकीक हेहि सिलिकॉनचे प्राणिद आहेत, तेव्हां त्यांसहि हवेची बाधा नाहीं. अकीकाचा तांबडा रंग तर लोखंडाच्या प्राणिदानेंच येतो. खंबायतचे कारागीर पिंवळट अकीक तापवून तांबडा करितात तो याच तत्त्वावर.

असें असतां, "आमच्या कुड्यांतील माणकांचें तेज गेलें" अशी तक्रार वारंवार ऐकूं येते ती कां? कारण असें कीं, जुन्या घडणींत खड्याखालीं चांदीचा चकचकीत पातळ पत्रा बसविलेला असतो. प्रकाश खड्यांतून जाऊन या पत्र्यावरून परत फिरतो व खडा उजळ दिसतो. दागिना वारंवार पाण्यांत घातला कीं ओल कडेनें आंत शिरते, पत्रा काळा पडतो, आणि दोष मात्र माणकास लागतो. म्हणून मागून बंद असलेल्या घडणीचा दागिना कधींहि पाण्यांत बुडवूं नये.

हिरा सर्वांत कठीण. पण तो प्राणिद नसून शुद्ध कार्बन आहे, म्हणजे कोळशाचा भाऊबंद. फ्रान्समध्यें लाव्हाझिए यानें १७७२ मध्यें मोठ्या भिंगानें हिरा जाळून दाखविला, आणि १७९७ मध्यें स्मिथसन टेनंट या इंग्रज शास्त्रज्ञानें हिरा केवळ कार्बनचाच आहे हें सिद्ध केलें. नेहमींच्या हवेंत हिऱ्यास कांहींच होत नाहीं; मात्र सोनाराच्या भट्टींत उघडा तापविल्यास त्याचा पृष्ठभाग जळून धुरकट होतो. पाचूच्या खड्यांत बहुधा बारीक भेगा असतात व त्या तेलानें भरून झांकलेल्या असतात. कढत पाण्यानें व साबणानें तें तेल निघून भेगा उघड्या पडतात.

सर्वांत नाजूक मोती. मोती व पोवळें हीं प्राण्यांपासून उत्पन्न होणारीं रत्नें असून दोहोंचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचा व अंड्याच्या टरफलाचा जो घटक तोच, हा आहे. अंड्याच्या टरफलावर लिंबाचा रस पिळून पाहा, लगेच बुडबुडे येतील. मग नथीवर चिंच, लिंबू किंवा शिरका लाविल्यास काय होईल, तें सांगणें नको. घामांतील आम्लानें व अत्तरानेंहि मोत्यांची झळाळी हळूहळू मंदावते. चांदीचा काळिमा काढून चांदी परत आणतां येते. परंतु आम्लानें खाल्लेलें मोत्याचें अंग पुन्हां भरून येत नाहीं. आजीची नथ जपावयाची असेल तर हा भेद पक्का ध्यानांत ठेविला पाहिजे.

७. निगेचे नियम

वरील विवेचनावरून पुढील नियम निघतात.

(१) चांदी स्वच्छ, कोरड्या सुती कापडांत गुंडाळून घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी. लोकर, रबर व वर्तमानपत्राचा कागद यांचा तिच्याशीं संबंध येऊं देऊं नये.

(२) पावसाळ्यापूर्वीं दागिने नीट कोरडे करून ठेवावे. डब्यांत खडूचे दोन-चार तुकडे टाकल्यास ते थोडी ओल शोषून घेतात.

(३) अत्तर, तेल व मलम लावून झाल्यावर दागिना घालावा. काढून ठेवितांना मऊ फडक्यानें पुसून ठेवावा.

(४) राख, रांगोळी व दंतमंजन यांनीं कोणताहि दागिना घासूं नये.

(५) मोती व पोवळीं यांस आम्लाचा स्पर्श होऊं देऊं नये. तीं केवळ ओलसर फडक्यानें पुसावीं.

(६) लाखेचा किंवा मागून बंद घडणीचा दागिना पाण्यांत बुडवूं नये.

(७) विरंजक चूर्णाच्या पाण्यांत कपडे धुतांना अंगठ्या व बांगड्या काढून ठेवाव्या. त्यांतील क्लोरीन चांदीस व हिणकस सोन्यास बाधतो.

त्या पैंजणांचें पुढें काय झालें, तें सांगून लेख पुरा करितों. मनांत संशय राहूं नये म्हणून मुलीच्या वडिलांनीं तो जोड कोल्हापुरांत गुजरींतील एका पेढीवर तपासून घेतला. कारागिरानें जेवढा कस सांगितला होता तेवढाच निघाला. मार्गशीर्षांत लग्न झालें आणि नववधूच्या पायांत तेच पैंजण होते. वडील हुपरीस गेले खरे, पण जाब विचारावयास नव्हे. धाकटीसाठीं दुसरा जोड सांगावयास गेले. ते मला म्हणाले, "गुरुजी, त्या रविवारीं मी तसाच गेलों असतों, तर त्या बापड्याचें नांव चार माणसांत घालवून आलों असतों, तें कोणत्या सोड्यानें परत उजळलें असतें?"

डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें पृथ्वीवरील संपत्तीस लागणाऱ्या कसरीचा व जंगाचा उल्लेख केला आहे, हें आपण मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांत वाचतों. तो जंग कसा लागतो हें रसायनशास्त्र सांगतें. आणि त्याबरोबर, डोळ्यांस दिसणाऱ्या काळ्या रंगावरून वस्तूचा किंवा मनुष्याचा निवाडा करण्यापूर्वीं थोडें थांबून कारण शोधावें, हेंहि तें शिकवितें. विद्यार्थ्यांनो, या सुटींत आपल्या घरची पेटी आईच्या परवानगीनें उघडून पाहा, आणि तिच्यांतील चांदी कशांत गुंडाळलेली आहे हें आधीं तपासा.